बाळाची जुनी मोटारगाडी : दुरुस्त कशी करावी आणि कुठे थांबावे

मूल दोन वर्षांचे झाले की घरात बॅटरीवर चालणाऱ्या मोटारगाडीचा हट्ट सुरू होतो, आणि ते सहा वर्षांचे होण्याच्या आतच त्याचे गुडघे त्याच गाडीच्या स्टिअरिंगला अडू लागतात. या खेळण्याचे उपयोगी आयुष्य एका मुलाच्या हिशेबाने फार तर तीन-चार वर्षांचे असते. त्याचा सांगाडा मात्र त्याहून पुष्कळ अधिक टिकतो. सिडनीच्या वायव्येकडील केलीव्हिल, राउज हिल, कॅसल हिल या उपनगरांतील गॅरेजांत आणि मागच्या अंगणांत अशा निवृत्त गाड्या धूळ खात उभ्या असतात, त्या याच विषमतेमुळे. कुणी त्या गमट्री किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर नाममात्र किमतीला विकतात, कुणी गॅरेज सेलमध्ये मांडतात, तर कुणी नगरपालिकेच्या कचरागाडीच्या स्वाधीन करतात.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात वापरलेल्या खेळण्याविषयी किंचित संकोच असतो. वास्तविक, थोरल्या भावंडाचा पांगुळगाडा धाकट्याला देणे आणि मध्ये चाक निखळले तर ते सुताराकडून बसवून घेणे ही आपल्याकडील जुनीच रीत. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणीही एका पिढीकडून दुसरीकडे जात. फरक इतकाच की पांगुळगाड्यात वीज नव्हती. आजच्या खेळगाडीत शिसे आणि आम्ल असलेली बॅटरी, दोन मोटरी, चार्जर आणि पुष्कळदा रिमोटही असतो. म्हणून ही दुरुस्ती सोपी असली तरी निष्काळजीपणे करण्यासारखी नाही. तीन वर्षांच्या ज्या मुलाला आपण त्या गाडीत बसवणार, त्याला गाडी का थांबत नाही किंवा आसनाखाली जळका वास का येतो, हे सांगता येणार नसते.

विकत घेण्यापूर्वी

खाजगी व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूला दुकानातील वस्तूप्रमाणे दर्जाची हमी मिळत नाही. १ जानेवारी २०११ पासून लागू असलेल्या ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्यानुसार अशा एखाददुसऱ्या खाजगी विक्रीत मालकी हक्काबाबतची हमी मिळते, पण वस्तू चालेल की नाही याची मिळत नाही. त्यामुळे पाहणी आपली आपणच करावयाची.

सर्वप्रथम गाडीच्या तळाशी किंवा आसनाखाली चिकटवलेले लेबल पाहावे. त्यावर उत्पादकाचे नाव, मॉडेल क्रमांक, वयोमर्यादा, वजनमर्यादा आणि बॅटरीचा दाब दिलेला असतो. हे मॉडेल बाजारातून परत मागवले गेले आहे का, हे ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्ट सेफ्टी संकेतस्थळावर शोधता येते. लेबलच नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी किंमत त्या मानानेच लावावी.

नंतर चार्जर पाहावा. परदेशस्थ कुटुंबांच्या बाबतीत येथे एक विशेष धोका संभवतो. अमेरिकेतून ऑस्ट्रेलियात स्थलांतर करणारी मंडळी मुलांची गाडी कंटेनरमधून सोबत आणतात. तिच्या चार्जरवर केवळ १२० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर प्लगला अडॅप्टर लावून तो येथील २३० व्होल्टच्या विजेवर चालवणे म्हणजे आगीला निमंत्रण. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असा उल्लेख असावा, आणि तो येथेच विकत घेतलेला असेल तर त्यावर आरसीएम ही नियामक खूण असावी.

तिसरी गोष्ट म्हणजे हिशेब. बंद पडलेल्या गाडीला बहुधा नवी बॅटरी लागतेच, आणि पुष्कळदा चार्जरही लागतो. या दोहोंची किंमत आधी चौकशी करून काढावी आणि ती गाडीच्या मागितलेल्या किमतीत मिळवून मगच घासाघीस करावी. ‘फक्त बॅटरी गेली आहे, बाकी सगळे ठीक’ हे विक्रेत्याचे वाक्य खरेही असू शकते, परंतु मल्टिमीटर लावल्याशिवाय ते सिद्ध होत नाही.

उलटी करण्यापूर्वी हातमोजे

अंगणात वर्षभर पडून राहिलेल्या गाडीत सर्वांत आधी शोधावयाचा तो बिघाड नव्हे, कोळी. सिडनी परिसरात रेडबॅक कोळी कोरड्या आडोशाच्या जागी जाळे विणतो. मडगार्डच्या आतली बाजू आणि आसनाखालची पोकळी त्याला अगदी सोयीची असते. हिल्स भागातील दमट बागांत फनेल-वेब कोळीही आढळतो. रेडबॅकवरील प्रतिविष १९५६ पासून आणि फनेल-वेबवरील १९८१ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे आज घाबरण्याचे कारण नाही, पण मुलाने प्रथम हात घालावा असेही नाही. जाड हातमोजे घालून गाडी उन्हात उलटी करावी, लांब दांड्याच्या ब्रशने सर्व कोपरे झाडावेत आणि बॅटरी काढून घेतल्यावरच पाण्याचा वापर करावा. पाण्याचा झोत मोटरी, स्विच आणि सर्किट बोर्ड यांवर मारू नये. तेथे ओल्या फडक्यानेच काम भागवावे.

बॅटरी : अर्धे उत्तर येथेच

बहुतेक खेळगाड्यांत ६ किंवा १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. तिची क्षमता अँपिअर-तासांत लिहिलेली असते. उदाहरणार्थ, १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तास म्हणजे ८४ वॉट-तास ऊर्जा. गाडीत ३५ वॉटच्या दोन मोटरी असतील, तर कागदोपत्री ही बॅटरी तासाभराहून थोडी अधिक चालेल. गवतावर किंवा चढावर मोटरी जास्त प्रवाह खेचतात आणि हा वेळ बराच घटतो. ‘गाडी वीसच मिनिटे चालते’ ही तक्रार म्हणूनच नेहमी बिघाडाची नसते.

बॅटरी तपासण्यासाठी ती चार्जरपासून काढून काही तास तशीच ठेवावी आणि मग मल्टिमीटरने दाब मोजावा. १२ व्होल्टच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीत सुमारे १२.७ ते १२.९ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या आसपास ती साधारण निम्मी उरलेली असते. १०.५ च्या खाली गेलेली बॅटरी फार खोलवर रिकामी झाली असे समजावे.

असे का होते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी होताना तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे सूक्ष्म स्फटिक जमतात. चार्ज करताना ते पुन्हा विरघळतात. पण बॅटरी महिनोन्‌महिने रिकामीच राहिली तर हे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, मग चार्जर लावूनही विरघळत नाहीत. बॅटरी न वापरताही हळूहळू रिकामी होत असते. मूल गाडीला कंटाळले, हिवाळा आला, गाडी कोपऱ्यात गेली, की तिच्या बॅटरीचा अंत असाच होतो. म्हणून दुरुस्तीनंतर गाडी वापरात नसली तरी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा ती चार्ज करण्याची सवय ठेवावी.

नवी बॅटरी घेताना दाब, लांबी-रुंदी-उंची आणि टर्मिनलची रुंदी या तिन्ही गोष्टी जुन्याशी जुळवाव्यात. लाल वायर अधिक टोकाला आणि काळी उण्या टोकाला हा नियम साधा आहे, पण उलटी जोडणी क्षणार्धात सर्किट बोर्ड जाळू शकते. साधा चार्जर बॅटरी भरल्यावर आपोआप थांबत नाही. तो किती तास लावावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि ती मर्यादा पाळणे आवश्यक असते. चार्जिंग हवेशीर जागी, घरातील माणसे जागी असताना आणि घराबाहेर पडण्याच्या वाटेपासून दूर करावे.

फुगलेली, तडकलेली किंवा पांढरी भुकटी जमलेली बॅटरी पुन्हा जिवंत करण्याच्या खटपटीत पडू नये. ती घरच्या लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या डब्यातही टाकू नये. न्यू साउथ वेल्समधील कम्युनिटी रिसायकलिंग सेंटरांत अशा बॅटऱ्या घरगुती ग्राहकांकडून विनामूल्य स्वीकारल्या जातात, आणि त्यांतील शिसे वितळवून पुन्हा वापरता येते.

वायर, फ्यूज आणि १९९८ चा धडा

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून अनेकांना या गाडीतील वीज निरुपद्रवी वाटते. हा समज चुकीचा आहे. झटका बसणे दाबावर अवलंबून असते, पण वायर तापणे प्रवाहावर अवलंबून असते. छोट्या लेड-ॲसिड बॅटरीची दोन टोके चुकून जोडली गेली तर शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो आणि बारीक वायर काही क्षणांत लाल होते.

ही भीती काल्पनिक नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने आणि फिशर-प्राइस कंपनीने ‘पॉवर व्हील्स’ या नावाच्या सुमारे १ कोटी खेळगाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या. विद्युत भाग तापल्याच्या सुमारे ७०० तक्रारी आल्या होत्या, त्यांपैकी सुमारे १५० प्रसंगी आग लागली होती आणि नऊ मुलांना किरकोळ भाजले होते. गाडी न थांबल्याच्या तक्रारीही त्यांत होत्या. हे दोष वेळेवर न कळवल्याबद्दल कंपनीने पुढे २००१ मध्ये ११ लाख डॉलरचा दंड भरला. त्या काळातील एखादी गाडी आजही गॅरेज सेलमध्ये दिसू शकते. तिची दुरुस्ती झाल्याचा पुरावा नसेल तर ती शोभेची वस्तू मानावी.

यातून निघणारा व्यावहारिक नियम असा : बॅटरीच्या अधिक टोकाजवळचा फ्यूज किंवा थर्मल ब्रेकर हा या गाडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. तो वारंवार उडत असेल तर कुठेतरी वायर सोलली आहे, मोटर अडकली आहे किंवा गाडीवर भार जास्त पडतो आहे. कारण शोधावे. त्या जागी साधी तार जोडून किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज बसवून काम चालवू नये. सर्व वायरी बोटांनी चाचपून पाहाव्यात. कडक झालेले, वितळलेले किंवा काळवंडलेले आवरण दिसले तर तेवढा तुकडा त्याच जाडीच्या नव्या वायरीने बदलावा, सांधा डाग देऊन जोडावा आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी काही महिन्यांच्या उन्हाने सुटते.

मोटर आणि गिअर : चालणे आणि थांबणे

गाडीची मागची दोन्ही चाके विटांवर उचलून धरावीत आणि पेडल दाबावे. मुळीच आवाज आला नाही, तर दोष वीज पोहोचवणाऱ्या भागांत, म्हणजे बॅटरी, फ्यूज, पेडलखालचा स्विच किंवा सैल झालेली जोडणी यांत शोधावा. मोटर गुणगुणते पण चाक फिरत नाही, तर गिअर अडकला आहे किंवा झिजला आहे. कटकट असा दात घसरल्याचा आवाज आला, तर प्लास्टिकच्या गिअरचे दात गेले असे समजावे. एकच चाक फिरत असेल तर दोन्ही मोटरींच्या जोडण्या आपसांत बदलून पाहाव्यात. दोष मोटरीबरोबर राहिला तर मोटर बदलावी, जोडणीबरोबर गेला तर वायर आणि स्विच तपासावेत.

मोटर व गिअरबॉक्स बहुधा एकत्र मिळतात. जोडीतील एकच बदलायचा असेल तर दाब, फेऱ्यांची संख्या आणि पिनिअनचे दात तंतोतंत जुळले पाहिजेत. अन्यथा एक चाक दुसऱ्याला ओढत राहते आणि गाडी एका बाजूला वळते.

येथे एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. साध्या खेळगाडीत वेगळा ब्रेक नसतो. पेडल सोडताच स्विच मोटरीची दोन टोके एकमेकांना जोडतो. फिरणारी मोटर त्या क्षणी जनरेटर बनते, आणि तिने निर्माण केलेला प्रवाह तिच्याच फिरण्याला विरोध करतो. मोटर बाहेर काढून तिचे पिनिअन बोटांनी फिरवून पाहावे, मग दोन्ही टोके वायरीने जोडून पुन्हा फिरवावे. दुसऱ्या वेळी ते स्पष्टपणे जड लागते. चार-पाच वर्षांच्या मुलालाही हा प्रयोग करून पाहता येतो, आणि त्याला तो जादूसारखा वाटतो.

म्हणजेच गाडी थांबते ती गिअर आणि मोटर यांच्यामार्फत. गिअरचे दात गेले तर गाडी चालेनाशी होते एवढेच नव्हे, ती उतारावर थांबेनाशीही होते. पेडलच्या स्विचचे संपर्कबिंदू जळले असतील तरीही हाच परिणाम होतो. केलीव्हिलच्या चढउताराच्या जमिनीवर, जिथे अनेक घरांचे ड्राइव्हवे थेट रस्त्याकडे उतरतात, तेथे हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. म्हणून ‘चालते’ एवढ्यावर समाधान न मानता ‘थांबते का’ हेच पाहावे.

प्लास्टिक, चाके आणि रंग

१९४९ ते १९७१ या काळात वेल्समधील बारगोड येथील कारखान्यात ‘ऑस्टिन जे-फोर्टी’ ही पत्र्याची पेडलगाडी तयार होत असे. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या खाणकामगारांना तेथे रोजगार मिळाला. त्यांनी घडवलेल्या सुमारे ३२ हजार गाड्यांपैकी कित्येक आजही धावतात, कारण पत्रा ठोकून सरळ करता येतो, नट-बोल्ट उघडता येतात आणि रंग पुन्हा देता येतो. आजच्या प्लास्टिकच्या गाडीला हे सुख नाही. ऑस्ट्रेलियाच्या उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिक फिके पडते आणि ठिसूळ होते.

या गाड्यांचे अंग बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचे असते. त्यावर साधा रंग धरत नाही आणि साधा गोंदही चिकटत नाही. महिन्याभरात रंगाचे पापुद्रे निघतात, आणि ते मुलाच्या नखांत व तोंडात जातात. रंग द्यावयाचाच असेल तर सॅंडपेपरने घासून, प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर लावून, मुलांच्या खेळण्यांना चालेल असे लिहिलेलाच रंग द्यावा. याहून उत्तम म्हणजे साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन नवे स्टिकर लावणे. नंबरप्लेटवर मुलाचे नाव देवनागरीत आले तर ते त्याला वाचता येण्याआधीच ओळखू येते.

तडा लहान असेल तर त्याच्या टोकाला बारीक छिद्र पाडल्यास तो पुढे सरकत नाही. मग आतून पट्टी बसवून बोल्टने आवळावी आणि बोल्टची टोके मुलाच्या अंगाला लागणार नाहीत अशी आत ठेवावीत. मात्र आसनाच्या बैठकीला, पुढच्या आसाला धरणाऱ्या भागाला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला तडा असेल तर गाडी घेऊ नये. चाकाचे मधले भोक लंबगोल झाले असेल तर वॉशर टाकून भागत नाही, चाक बदलावे. आसाला बोटभर ग्रीस लावावे, परंतु मोटरीच्या ब्रशजवळ ते जाऊ देऊ नये.

रिमोट आणि नाण्याएवढी बॅटरी

गाडी तीन वर्षांच्या आतील मुलासाठी असेल तर आईवडिलांच्या हातातील रिमोट ही चैन नसून गरज आहे. दोन वर्षांच्या मुलाला पेडल सोडणे लगेच सुचत नाही. अलीकडील रिमोट बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि बॅटरी बदलल्यावर त्यांची गाडीशी पुन्हा जोडणी करावी लागते.

रिमोट, आवाज करणारी किल्ली किंवा स्टिअरिंगमधील हॉर्न यांत बटणासारखी चपटी बॅटरी असू शकते. ती गिळली गेली तर अन्ननलिकेत अडकते, आणि तिच्या प्रवाहामुळे तेथे तयार होणारा तीव्र अल्क दोन तासांत ऊती जाळू लागतो. ऑस्ट्रेलियाने या बॅटऱ्यांसाठी सक्तीची मानके २२ जून २०२२ पासून लागू केली, आणि झाकण मुलाला सहज उघडता येऊ नये हा त्यांचा गाभा आहे. आपण घेतलेली जुनी गाडी बहुधा त्याआधीची असेल. झाकणाला स्क्रू नसेल किंवा स्क्रूची जागा झिजली असेल तर तो भाग काढूनच टाकावा. हॉर्नवाचून गाडी चालते. मुलाने बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी १३ ११ २६ या विषबाधा माहिती केंद्राच्या क्रमांकावर तत्काळ फोन करावा, आणि मुलाला श्वासाचा त्रास होत असेल तर थेट ०००.

वेग वाढवण्याचा मोह

अभियंत्यांच्या घरी हा मोह हमखास होतो. गॅरेजात ड्रिलची १८ व्होल्टची लिथियम बॅटरी असतेच. ती १२ व्होल्टच्या गाडीला जोडली की वेग साधारण दीडपट होतो. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते, म्हणजे ती सव्वादोनपट होते. थांबवण्याचे काम त्याच प्लास्टिकच्या गिअरने आणि त्याच अरुंद चाकांनी करावयाचे असते. मोटरी अधिक तापतात, वायरी कमी पडतात आणि वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो. शिवाय ड्रिलच्या बॅटरीला किती रिकामे व्हावे याची मर्यादा अनेकदा ड्रिलमध्येच असते, बॅटरीत नसते. गाडीत ती मर्यादा नाहीशी होते. दुरुस्ती म्हणजे उत्पादकाने ठरवलेल्या स्थितीला गाडी परत नेणे. त्याच्या पुढे जाऊ नये.

शेवटची परीक्षा

दुरुस्ती झाल्यावर मुलाआधी तांदळाची पिशवी बसवावी. मुलाच्या वजनाइतका भार ठेवून रिमोटने किंवा हाताने पेडल दाबून गाडी अर्धा तास सपाट जागी चालवावी, आणि नंतर मोटरी, वायरी, फ्यूज व बॅटरीची टोके यांच्याजवळ हात नेऊन पाहावा. कोमट असणे ठीक आहे, पण हात मागे घ्यावा लागला तर बिघाड शिल्लक आहे. मग हलक्या उतारावर पेडल सोडून गाडी किती अंतरात थांबते ते मोजावे. पट्ट्याचे बक्कल लागते का, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, मागे-पुढेचा स्विच योग्य दिशेला नेतो का, हेही पाहावे. हे सर्व झाल्यावर मुलाला बसवावे. गाडी कुंपणाच्या आतील अंगणात किंवा बागेतील मोकळ्या सपाट जागेत चालवावी. ड्राइव्हवेवर आणि रस्त्यालगत तर मुळीच नाही, कारण बुटक्या गाडीतील मूल मोठ्या मोटारीच्या आरशात दिसत नाही.

भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांच्या देखरेखीखाली करण्यासारखे दुसरे सुख नाही. पाना, पक्कड, वंगण, आस, चाक, दाते हे शब्द पुस्तकातून मुलाला शिकवावे लागतात. येथे ते हातात येतात. स्क्रू वाटीत मोजून ठेवणे आणि चाके धुणे ही कामे मुलाला द्यावीत. बॅटरी आणि डाग देणे मात्र मोठ्यांकडेच असावे.

मुलाचे गुडघे स्टिअरिंगला लागू लागले की गाडी पुढच्या घरी जाईल. तेव्हा बॅटरी कधी बदलली, कोणती मोटर नवी आहे, फ्यूज किती अँपिअरचा आहे, एवढे एका कागदावर लिहून आसनाखाली चिकटवावे. गाडी ज्यांच्याकडे जाईल त्यांना बिघाड शोधताना पहिली अर्धी वाट तो कागदच दाखवील.